पहिला तास

शाळेचं पत्र आलं त्या संध्याकाळी गुंडाने एक मेंढी दोन्ही गुडघ्यांत आवळून धरली होती आणि बनाबाई तिच्या कासेला कोकरू लावत होती. सृष्टी नुकतीच शाळेतून आली होती. दप्तर न काढताच ती मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"आण्णा, शाळंतनं पत्र दिलंय. सही पायजे."

"वाच की मग. आमाला कुटं येतंय," गुंडा म्हणाला.

घरात वाचता येणारी ती एकटीच. बनाबाई लहानपणी दुसरीपर्यंत गेली होती, पण त्यातलं आता काही उरलं नव्हतं. थोरला धनाजी सातवीतून सुटला आणि आता विजापूरच्या अंगाला दुसऱ्याची मेंढरं राखत होता. तेव्हा स्वतःवरच्या तक्रारीचं पत्र पोरीला स्वतःच वाचावं लागलं. तिने एक शब्दही गाळला नाही.

"'आपली पाल्य कुमारी सृष्टी गुंडा करे, इयत्ता दहावी, ही जूनपासून आजपर्यंत एकेचाळीस दिवस गैरहजर आहे. पंचाहत्तर टक्के हजेरी न भरल्यास बोर्डाच्या परीक्षेस बसता येणार नाही. पालकांनी समक्ष भेटावे.'"

"एकेचाळीस?" गुंडाने मेंढी सोडली. "रोज तर जाती की ही. हितनं रोज जाती."

बनाबाई उठली. हाताला दूध आणि लेंड्या लागलेल्या होत्या, ते तिने पुसलंही नाही. "हितनं रोज जातीस," ती म्हणाली, "मग पोचतीस कुटं?"

"शाळंतच जाते आई. पण लेट झालं की..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. बनाबाईने त्याच हाताने कानाखाली वाजवली. वस्तीपासून शाळेपर्यंत चार किलोमीटरची वाट, मध्ये डांबरी रस्ता, त्यावर चहाची टपरी आणि तिथे मोटारसायकली लावून दिवसभर दात काढणारी पोरं. एका क्षणात हे सगळं आईच्या डोक्यात शिरलं. आईबापांच्या डोक्यात पोरीबद्दल वाईट शिरायला वेळ लागत नाही, चांगलं शिरायलाच लागतो. सृष्टीने गालाला हात लावला नाही. पत्राची घडी घातली, दप्तरात ठेवली आणि राहिलेल्या कोकरांवर पालथं घातलेलं टोपल्यासारखं डालगं उचलायला गेली.

दुसऱ्या दिवशी बनाबाई तिच्याबरोबर शाळेत निघाली, पण कोकरं पाजून झाल्यावर. त्याला इलाज नव्हता. थंडीच्या दिवसांत गवतावरचं दंव वाळल्याशिवाय मेंढरं सोडत नाहीत, ओलं खाल्लं की पोटं फुगतात. दंव वाळायला साडेनऊ होतात. कोकरं पाजायची ती कळप निघायच्या अगदी आधी, कारण लहान कोकरं दिवसभर घरी डालग्याखाली राहतात. पहाटेच पाजली तर संध्याकाळपर्यंत भुकेनं माना टाकतात. त्यात साठ मेंढ्या आणि अठ्ठावीस कोकरं. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे गुंडाला कळायचं, बनाबाईला अर्धंमुर्धं कळायचं आणि सृष्टीला नुसत्या आवाजावरून कळायचं. तिने डालगं उचलायचं, एकेक कोकरू काढून त्याच्या आईपाशी सोडायचं, एखादी मेंढी लाथा झाडायला लागली की तिचा मागचा पाय धरून उकिडवं बसायचं. ही झाली दिवाळीनंतरची कथा. त्याआधी जूनपासून शेळ्यांच्या धारा होत्या, हापशाचं पाणी होतं. काहीतरी असायचंच, आणि ते नेहमी साडेनवापर्यंतच पुरायचं.

शेवटचं कोकरू ढुसण्या देऊन प्यायलं. सृष्टीने हातपाय धुतले, गणवेश चढवला, वेणी चालता चालता घातली. दोघी निघाल्या. चहाच्या टपरीपाशी बनाबाई पोरांकडे टक लावून बघत राहिली. त्यांच्यातल्या एकानेही सृष्टीकडे मान वळवली नाही. बनाबाईला तेही खटकलं. एवढी बेमालूम सोंगं ही पोरं करतात, असं तिला वाटलं.

शाळेचं गेट बंद होतं. आत प्रार्थना होऊन गेली होती आणि वर्गावर्गातून एकसुरात काहीतरी म्हटल्याचा आवाज येत होता. गेटच्या आत खुर्ची टाकून शिपाई पीरसाब बसला होता. बाहेर कंपाउंडच्या भिंतीला लागून दहा-बारा पोरं-पोरी उभ्या होत्या. कुणाच्या डोक्यावर दप्तर, कुणाच्या पायाशी.

"गेट काड रं बाबा," बनाबाई म्हणाली.

"टाइम होगया मावशी. साडेधाच्या पुढं पाच मिन्टं. पहिला तास सपल्याबिगर खोलायचं नाय. हेडसरांचा आर्डर हाय."

"आरं मी पालक हाय. मला बलीवलंय."

"मग पालकांनीबी टायमावर यावं की," पीरसाब म्हणाला, आणि भिंतीकडची दोन पोरं फिसकन हसली.

सृष्टी मात्र न सांगताच जाऊन भिंतीशी उभी राहिली. सोनम नावाच्या एका पोरीने थोडं सरकून तिला जागा दिली, जशी रोज देत असावी. सृष्टीने दप्तर दोन पायांवर ठेवलं, पाठ भिंतीला टेकली, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून मान डावीकडे वळवली. सगळं इतकं सवयीचं होतं की बनाबाई पुन्हा गेटकडे वळली.

"ही रोज येती?" तिने गजांतून विचारलं.

"रोज. ऊन हो, पाऊस हो, चुकत नाय. रोज हितंच हुबी ऱ्हाती. का, काय झालं?"

काय झालं ते सांगण्यासारखं नव्हतं. पोरीच्या गालावर अजून दोन बोटं दिसत होती. बनाबाईला तिच्याजवळ जाऊन काहीतरी म्हणायचं होतं, पण चुकलं माझं असं पोराबाळांना म्हणायची त्या घरात रीत नव्हती. तिने पदर डोक्यावर ओढला आणि तीही भिंतीला टेकून उभी राहिली. अर्धा तास ऊन खात आई आणि लेक एका रांगेत उभ्या. रस्त्याने जाणारा ट्रॅक्टरवाला मान वळवून बघत गेला. ज्या पोरीला आपण काल मारलं ती सहा महिने रोज इथे अशी उभी राहत होती, हे बनाबाईला आता उभं राहून कळत होतं, आणि जसजसं कळत होतं तसतसा तिचा राग भिंतीपलीकडच्या माणसांकडे वळत होता. स्वतःवर रागवण्यापेक्षा ते सोपं होतं.

घंटा झाली. गेट उघडल्यावर ती ऑफिसात शिरली तीच मुळी भांडायला. हेडसर बसलिंगप्पा खाली मान घालून रजिस्टरात बघत होते.

"रोज आलेल्या पोरीला तुमी न आलेली लिवता, सर?"

"बसा आधी. कोण तुम्ही?"

"सृष्टी कऱ्याची आई. तुमी बलीवलं की. माजी पोरगी रोज येती. तुमचा शिपाई सांगतोय. मग एकेचाळीस दिस कुटनं काडले?"

"तीन वेळा लेट म्हणजे एक दिवस गैरहजर. शाळेचा नियम आहे, सगळ्यांना सारखा. एकशे अकरा दिवस लेट आहे ती. त्याचे सदतीस झाले. चार दिवस खरोखर आली नाही."

"आन त्यो तासभर उनात हुबं करायचा कुटला नियम? आत घेऊन चार अक्षरं शिकीवली तर तुमचं काय जातंय?"

"गेट उघडं ठेवलं की अकरा वाजेपर्यंत पोरं येत राहतात, बाई. करून बघितलंय आम्ही."

"म्हंजे येणाऱ्याला मारायचं, न येणाऱ्याला काय न्हाय!" बनाबाईचा आवाज चढला. "माज्या पोरीला मी काल मारलं. तुमच्या पत्रापायी मारलं. ती बिनगुन्ह्याची हुती. ह्याचं काय करायचं, तेबी लिवा तुमच्या वहीत!"

हेडसरांनी रजिस्टर मिटलं. तेवढ्यात फिरदोस मॅडम आत आल्या. गणिताच्या मॅडम, आणि दहावीच्या वर्गशिक्षिका. बोटांना खडू लागलेला. हातात तपासायला घेतलेली सृष्टीची वही.

"सृष्टीच्या आई ना? आवाज तिकडे वर्गापर्यंत येतोय," त्या म्हणाल्या. "नियम चुकीचा असेल. मी सरांशी त्यावर भांडलेली आहे. पण तुम्ही हे बघा."

त्यांनी वही उघडून बनाबाईच्या पुढे धरली. बनाबाईला अक्षर येत नव्हतं, पण रिकामं कळत होतं. पहिल्या पानावर वर कोपऱ्यात तारीख, खाली कोरं. दुसऱ्या पानावर तारीख, कोरं. मॅडम पानं उलटत गेल्या. कुठे मध्येच चार ओळी होत्या, एखादी अर्धी आकृती होती, पुन्हा तारीख आणि कोरं.

"हे काय गं?" बनाबाईने दारात उभ्या असलेल्या सृष्टीला विचारलं.

"जागा सोडलीय. नंतर उतरून घ्यायला."

"कवा उतरून घेनार?"



"माझा तास पहिला असतो," फिरदोस मॅडम म्हणाल्या. "रोज पहिला. ही येते तेव्हा मी फळा पुसून निघालेली असते. एक दिवस चुकला तर सांगून भरून काढता येतं. वर्षभर रोज पहिला तास चुकला तर काय भरणार? सहामाहीला गणितात चाळीसपैकी चार आहेत हिला. हुशार आहे म्हणून चार. मी सोलापूरहून येते बाई. पाचला उठते, माझीही दोन लेकरं आहेत, मलाही एसटी चुकली म्हणून उशीर करता येईल. नाही करत, कारण मी दहा मिनिटं उशिरा आले तर चाळीस पोरांची दहा मिनिटं जातात. तुमच्या घरी एकीचं अख्खं वर्ष चाललंय आणि तुम्हाला पत्र पाठवल्यावर कळतंय."

बनाबाईचा भांडायचा जोर कुठल्या कुठे गेला. राग गेला नाही. त्याला आता जायला फक्त एकच घर उरलं होतं.

"आता काय करायचं, म्याडम?"

"जानेवारी संपेपर्यंत पंचेचाळीस दिवस आहेत. सगळे भरले तर काठावर पंचाहत्तर टक्के होतात. एकही चुकता कामा नये. आणि जी मुलं कमी पडलीत त्यांचा लेट आता सरळ गैरहजर धरणार, असं सर म्हणतात. एक दिवस गेला की परीक्षा गेली. गणिताचं मी बघते, शाळा सुटल्यावर बसवते तिला. पण गेटच्या आत तुम्हीच आणून सोडायची."

बनाबाई घरी गेली नाही. ओढ्याच्या कडेला गुंडा मेंढरं चारत होता, तिथे ती सरळ गेली. दुपार झाली होती. गुंडा बाभळीखाली काठीला हनुवटी टेकून उभा होता.

"गावली का चोरी?" त्याने विचारलं.

"गावली. चोर घरातच हाय."

तिने सगळं सांगितलं. गुंडाला त्यातलं अर्धंच पटलं. एकशे अकरा वगैरे त्याच्या डोक्यावरून गेलं.

"आगं पन ती जाती का न्हाय? जाती. मग झालं की. आता ही मेंढरं बग. एक म्होरं येतंय, एक मागनं येतंय, एक मदीच काट्यात आडकतंय. दिवस मावळताना वाडग्यात आलं ते हजर. कुटलं मेंढरू कवा आलं आसं कुनी इचारतंय व्हय?"

"मेंढराचं इचारत न्हाय. कोकराचं इचारता की!" बनाबाई ओरडली. जवळच्या दोन मेंढ्या दचकून बाजूला झाल्या. "कोकराची येळ एक दिस चुकीवली का तुमी? पाऊस आसू दे, पावनं आसू दे, कुनी मरू दे. मेंढरं निगायच्या आदी कोकराच्या तोंडात सड गेलाच पायजे. का? तर म्हनं एकदा आई निगून गेली की पोटाला काय न्हाय, दिस मावळंस्तवर उपाशी. आन पोरीचा तास निगून जातोय रोज, ती उपाशी ऱ्हाती, त्ये दिसंना तुमाला? मलाबी दिसंना. मी तर वरनं मारलं तिला."

गुंडाने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मग आता काय म्हननं हाय तुजं?"

"उद्यापासनं ती नवाच्या आत घरातनं निगंल. कोकरं तुमी आन मी बगायची."

"तुला वळकत न्हाईत."

"वळकंन."

"मेली एकादी तर?"

"मरू दे," बनाबाई म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं, आणि मग तिने ते परत घेतलं नाही.

त्या संध्याकाळी सृष्टीने जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या फाडल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. मेंढीच्या पायाला एक, तिच्या कोकराच्या गळ्यात तशीच एक. रंग पुरेनात तेव्हा गाठी मारल्या, एक गाठ, दोन गाठी. बनाबाईला तिने दोनदा सगळं समजावून सांगितलं. आई चुकली की पोरगी शांतपणे "न्हाय, पुन्यांदा," म्हणायची. कानाखाली मारल्याचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सृष्टी नवाला दहा कमी असताना निघू लागली. वस्तीवरचे लोक बघत राहिले. कऱ्याची पोरगी कामाच्या ऐन वेळेला वेणीफणी करून चालली, बाप मेंढ्यांच्या पायाशी बसलाय, असं म्हणत राहिले. बनाबाईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. तिला ऐकू जायचं. ती मेंढीच्या पायाला धरून बसलेली असायची, तोंडात कोकराचे केस गेलेले असायचे, आणि म्हणणाऱ्याला उठून चार शब्द सुनावायलासुद्धा हात मोकळा नसायचा.

काम तिला जमेना. चिंध्या तोडून मेंढ्या खायच्या. कोकरं अंगावर आलेल्या कुठल्याही मेंढीखाली घुसायची, आणि परक्या मेंढीने टक्कर दिली की कोलमडायची. दंव वाळून जायचं, कळप निघायला दहा वाजायचे, गुंडा दात-ओठ खायचा. नवव्या दिवशी एक जुळ्यातलं कोकरू डालग्याखाली ताठ झालेलं सापडलं. दोन दिवस ते कुणालाच प्यायलं नव्हतं. दुसऱ्याची चिंधी याच्या गळ्यात होती. गुंडाने ते चार पाय धरून उचललं आणि बनाबाईच्या पुढ्यात टाकलं.

"ही घे तुजी हजेरी."

बनाबाईने ते ओढ्याकडे नेऊन पुरलं. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी सृष्टीने डालगं उचलून कोकरं मोजली. शाळा सुटल्यावर मॅडमनी शिकवलेलं ती चुलीच्या उजेडात पुन्हा मांडत बसली, आणि बनाबाईने भाकरी थापताना दोनदा तिच्याकडे पाहिलं.

संक्रांत झाली. शाळेचे चौदा दिवस राहिले होते. त्या सकाळी काळतोंडी मेंढी विताना अडली.

काळतोंडी सृष्टीची. पोरीच्या बारशाला मामाने एक कोकरी दिली होती. पोरीच्या नावाची मेंढी विकायची नाही, कापायची नाही, अशी करे घराची रीत. काळतोंडी ही त्या कोकरीची नात. ती माणसाळलेली होती, सृष्टीच्या मागे मागे हापशापर्यंत जायची. आठ वाजल्यापासून ती आडवी पडून पाय ताणत होती. पाणी जाऊन बराच वेळ झाला होता, कोकरू दिसत नव्हतं.

गुंडाने हात धुऊन आत घालून पाहिला. त्याचा पंजा फावड्याएवढा, तो मनगटाशीच अडकला. मेंढी घोगऱ्या आवाजात ओरडली. "आडवं हाय," तो म्हणाला आणि उठला. "सृष्टे! दप्तर ठीव. बाह्या वर कर. तुजाच हात जातोय, गेल्या साली तूच फिरीवलं हुतंस."

सृष्टी गणवेशात होती. ती येऊन काळतोंडीजवळ बसली, एक हात तिच्या पोटाखाली घातला, दुसरा शेपटीखालून आत. डोळे मिटून काही वेळ तशीच राहिली. मेंढीने मान उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवली.

"नऊ वाजलं," बनाबाई म्हणाली. "ऊठ."

"आगं, अर्ध्या तासाचा खेळ हाय!" गुंडा ओरडला. "जीव जातोय तिचा!"

"अर्धा तास न्हाय त्यो. आज गेट बंद झालं की परीक्षा गेली. सांगटलं हुतं तुमाला." बनाबाई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "सृष्टे, ऊठ म्हनते ना. मी बगते हिच्याकडं."

"तू काय बगनार! तुजं हात बग कसलं हायेत!"

सृष्टीने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग बापाच्या. मेंढीचं डोकं उचलून हळूच जमिनीवर ठेवलं, बादलीत हात धुतले, दप्तर घेतलं आणि निघाली. बांधावरून खाली उतरेपर्यंत मागून मेंढीचं ओरडणं येत होतं. तिने वळून पाहिलं नाही.

बनाबाईने कोपरापर्यंत गोडं तेल लावलं. भेगा पडलेला, खुरप्याने जाड झालेला हात. तिने प्रयत्न केला, पुन्हा केला. एकदा कोकराचा गुडघा हाताला लागला आणि निसटला. मेंढीखालची माती ओली होत गेली. गुंडा डोक्याशी बसून मेंढीला धरून होता आणि सबंध वेळ बायकोला शिव्या देत होता, हळू आवाजात, एकापाठोपाठ एक. तीही त्याला शिव्या देत होती. साडेदहाला काळतोंडी गेली. कोकरू पोटातच राहिलं.

गुंडा उठला. शेजारच्या बिरुदेवाची मोटारसायकल त्याच्या दारात उभी होती. सहा महिन्यांत पोरीला शाळेत सोडायला ती कुणाला सुचली नव्हती. आज सुचली.

"कुटं निगाला?" बनाबाईने विचारलं.

"बगायला. शाळा किती मोटी हाय ती."

ती धावत जाऊन मागे बसली. तो "उतर" म्हणाला, ती उतरली नाही. "पोरीला हात लावाल तर बगा," ती त्याच्या कानाशी ओरडत राहिली. दोघांचेही हात रक्ताने भरलेले होते, ते वाऱ्याने वाळत गेले. टपरीवरची पोरं या वेळी मात्र वळून बघत राहिली.

गेट बंद झालं होतं. भिंतीशी चार पोरं उभी होती.

"गेट काड!" गुंडाने गजांवर हात आपटला.

"टाइम..." म्हणता म्हणता पीरसाबने त्याचे हात पाहिले आणि खुर्चीवरून उठला. "या अल्ला. काय झालं मामा? कोन मेलं?"

"सृष्टी कऱ्याला भाईर बलीव. तिचा बा आलाय म्हन."

पीरसाब पळत गेला. कोपऱ्यावरच्या वर्गाच्या दारात फिरदोस मॅडम आल्या, लांबून गेटकडे पाहिलं, आत वळून काहीतरी बोलल्या. सृष्टी बाहेर आली. मैदान ओलांडून ती एकटीच चालत आली आणि गेटच्या आत, हाताच्या अंतरावर थांबली. बोटांना पेनाची शाई लागली होती.

"मेली," गुंडा म्हणाला. "तुजी काळतोंडी मेली. पोटातल्यासकट मेली. तुजा हात गेला आसता तर वाचली आसती. ऐकलं का? वाचली आसती!"

"व्हय," सृष्टी म्हणाली. "वाचली आसती."

गुंडा गेटला आणखी खेटून उभा राहिला.

"मला ठावं हुतं आण्णा. निगताना हात घालून बगितलं की. आडवं हुतं, मान मागं गेल्ती. मला फिरीवता आलं आसतं. तुमच्यानं आन आईच्यानं व्हनार न्हाय हेबी कळलं हुतं."

"आन तरी आलीस?"

"तरी आले."

ती रडत होती, पण आवाज फुटत नव्हता आणि डोळेही पुसत नव्हती. बनाबाई गज धरून उभी होती. 'जा' म्हणून आपणच पोरीला घालवली, असं ती इतका वेळ समजत होती. पोरगी तिच्या सांगण्यावरून गेलीच नव्हती. ती सगळं जाणून गेली होती, आणि बनाबाईला तिची पहिल्यांदाच भीती वाटली.

"एकशे अकरा तास गेले माजे, हितं भाईर हुबं ऱ्हाऊन," सृष्टी म्हणाली. "त्यातल्या एकाला तरी तुमी आसं पळत आलाता का?"

गुंडाचे हात गजांवरून खाली आले. त्याने ते धोतराला पुसायला सुरुवात केली, पण रक्त वाळलं होतं, निघेना.

"तास चालू हाय. जाते मी," ती म्हणाली, आणि वळून वर्गाकडे पळत सुटली. एवढं बोलण्यातही तिची चार मिनिटं गेली होती.